ओवीबरोबर नावही जपा

तुमच्या घरी जुन्या वर्तमानपत्राचे काय होते? फडताळात अंथरतात, भाकरी बांधतात, उरलेले रद्दीत जाते. त्यातच एखाद्या दिवशी आपल्या गावच्या गाणाऱ्या बाईचे नाव छापून आलेले असते. ते नावही रद्दीबरोबर जाते.

आपल्या बीड जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. पहाटे जात्यावर बसून बायांनी ओव्या रचल्या. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्याही मागे पडू लागल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून या ओव्या लिहून घेतल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. 1996 साली माजलगावच्या भीमनगर वस्तीत ध्वनिमुद्रण झाले. तिथल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या गायल्या. पार्वतीबाई भादरगे, राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार ही त्यांच्यातली काही नावे.

ही नावे आज आपल्याला कळतात, कारण प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव लिहून ठेवले होते. गी पॉइटव्हाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली गेल्या. पण नोंद राहिली. म्हणून 2017 सालापासून ‘परी’ या संस्थेला त्या ओव्या नावागावासह लोकांपुढे ठेवता आल्या.

वर्तमानपत्राच्या कात्रणाचेही असेच आहे. तारीख आणि नाव असेल तर ते पुरावा. नसेल तर नुसता कागद. बातमीत पुष्कळदा ‘महिलांनी भजने सादर केली’ एवढेच छापतात. फोटोत आपली आजी असते, पण खाली नाव नसते. आज तिला ओळखणारे चार जण आहेत. वीस वर्षांनी कोण सांगणार?

तेव्हा एवढे करा :

बातमी कापताना चारही बाजूंना थोडी जागा सोडा. वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक एका कोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहून तो कागद कात्रणासोबत ठेवा. फोटोतल्या बायांची नावे डावीकडून उजवीकडे, माहेर-सासरच्या गावांसह त्यावरच लिहा.

कात्रणाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पुढे पिवळा पडतो आणि कागद खातो. वर्तमानपत्राचा कागद हलका असतो, उजेडाने लवकर पिवळा होऊन तुटतो. म्हणून घडी न घालता कोऱ्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा. पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच, ओल आणि वाळवीपासून दूर. ऊसतोडीला जाऊन घर सहा महिने बंद राहणार असेल, तर पेटी घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे द्या. एक छायाप्रत काढा, मोबाईलमध्ये फोटोही घ्या.

आणि ज्या गाणारणीची बातमी कधी छापूनच आली नाही, तिचे काय? तिच्यासाठी घरातली वही आहे. आज संध्याकाळी आजीजवळ बसा. तिला येते ती ओवी लिहून घ्या, आणि ओवीखाली तिचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका. जमिनीच्या सातबाऱ्याला जेवढे जपता, तेवढेच या वहीला जपा.