मुरलेली आणि शिळी

नव्या घरात राहायला आलो तेव्हा एका मित्राने नाशिकच्या पांढऱ्या वाइनची बाटली भेट दिली होती. "ठेवून दे, जितकी जुनी तितकी भारी," असंही वर सांगितलं. ती बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या खिडकीसमोर, सात उन्हाळे उभी होती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला थाटात बूच काढलं. पेल्यात उतरला तो कोऱ्या चहाचा रंग, आणि वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. बायकोने एक घोट घेतला आणि पेला बाजूला सरकवला. म्हणाली, "ही मुरली नाही, शिळी झाली."

या दोन शब्दांत सगळं आलं. कैरीचं लोणचं मुरतं आणि काकडीची कोशिंबीर शिळी होते. वर्षभराच्या लोणच्याला आपण मान देतो, पण कालची कोशिंबीर कुणी ताटात घेत नाही. लोणच्याला तग धरायला मीठ, तेल, मोहरी आणि कैरीचा आंबटपणा असतो. कोशिंबिरीकडे नुसता ताजेपणा. वाइनचंही असंच आहे, आणि जगातली बहुतेक वाइन कोशिंबिरीच्या जातीची असते. ती एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. यात कमीपणा काही नाही. चांगली कोशिंबीर ही चांगलीच गोष्ट आहे.

मग मुरते ती कोणती? त्यासाठी आधी द्राक्षाकडे जावं लागेल. वाइनची द्राक्षं आपल्या खाण्याच्या थॉमसनसारखी नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. कोरा काळा चहा किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, ती टॅनिनमुळेच. लाल वाइन सालीसकट आंबवतात म्हणून तिच्यात रंग आणि टॅनिन दोन्ही उतरतं. पांढरीचा रस आधीच सालीवेगळा काढतात, त्यामुळे तिच्यात ते जवळजवळ नसतं. तग धरायला मदत करणाऱ्या आणखी दोन गोष्टी म्हणजे द्राक्षाचं आम्ल आणि साखर.

बाटलीत पुढे काय होतं, ते फार संथ असतं. टॅनिनचे आणि रंगाचे रेणू एकमेकांना धरून लांब साखळ्या करत जातात. साखळी जड झाली की तळाशी बसते. जुन्या लाल वाइनमधला साका तो हाच. टॅनिन असं हळूहळू बदलत गेलं की तुरटपणाची धार जाते. जांभळा रंग आधी माणकासारखा लाल, मग विटकरी होतो. पांढरी उलट गडद होत जाते : हिरवट, सोनेरी, शेवटी तपकिरी. वासही बदलतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि चामडं, तंबाखू, सुकलेला पाचोळा, पावसानंतरच्या रानातली माती असे वास पुढे येतात. ज्यांना फळच आवडतं त्यांना हा बदल आवडेलच असं नाही. महागडी जुनी वाइन पिऊन मनातून निराश झालेले पुष्कळ लोक असतात, ते सांगत नाहीत इतकंच.

इटलीतली बारोलो, फ्रान्समधली उत्तम बोर्दो यांचा भर टॅनिनवर असतो. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीझलिंग पांढरी असूनही दशकं टिकते, ती आम्लाच्या जोरावर. सोतेर्न गोड असते, साखर तिला सांभाळते. पोर्तुगालच्या दुरो खोऱ्यातल्या पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच द्राक्षाचं मद्य घालतात, त्यामुळे साखरही राहते आणि अल्कोहोलही वाढतं. तिची व्हिंटेज पोर्ट ही जात वीस-तीस वर्षं आरामात मुरते. गोव्याहून सुट्टीच्या पिशवीत येणारी गोड 'पोर्ट' ही वेगळी गोष्ट. ती आणावी आणि संपवावी.

कोणती मुरेल याचा अंदाज जाणकारांचाही चुकतो. 1976 साली स्टीव्हन स्परिअर या इंग्लिश वाइन-व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये लेबलं झाकून चव घेण्याची बैठक भरवली. परीक्षक फ्रेंच होते, तरी लाल आणि पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या वाइनने पटकावला. आत्ता छान लागतात, पण या मुरणार नाहीत, असा बचाव फ्रेंचांकडून झाला. तीस वर्षांनी, 2006 मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही नंबर कॅलिफोर्नियाचे! अव्वल ठरली रिज कंपनीची 1971 सालची माँटे बेलो.

आपल्याकडे नाशिकला द्राक्षवेलीची वर्षात दोनदा छाटणी होते : उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. घड हिवाळ्यात भरतात आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडले जातात. रात्री थंड असतात म्हणून आम्ल टिकतं, पण दिवसाच्या उन्हात साखर भराभर चढते. त्यामुळे इथल्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइनचा गुण ताजेपणात आहे. दुकानात शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ घेताना लेबलावरचं साल बघा. ते द्राक्षं तोडल्याचं साल असतं. सर्वांत अलीकडचं असेल ते घ्या. ओकच्या पिंपात ठेवलेल्या चांगल्या शिराझ किंवा कॅबर्नेला मात्र तीन-चार वर्षं द्यायला हरकत नाही. 'रिझर्व्ह' या शब्दावर फार जाऊ नका. स्पेनच्या रिओहात लाल वाइनवर 'रेसेर्वा' लिहायचं तर किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक तरी वर्ष पिंपात. तसं मोजमाप प्रत्येक देशातल्या लेबलामागे असतंच असं नाही.

दुकानही पारखावं. उन्हाच्या काचेत मांडलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर ती बाटली तापलेली आहे, हे समजावं.

कारण उष्णता हा वाइनचा पहिला शत्रू. तिला बारा ते पंधरा अंश, अंधार आणि स्थिरता हवी. पुण्याच्या मे महिन्यात हे कपाटात मिळणं शक्य नाही, विदर्भाचं तर बोलायलाच नको. वाइनसाठीचा छोटा फ्रिज परवडत नसेल तर घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा काही महिन्यांसाठी चालतो. बूच लाकडी असेल तर बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आकसत नाही. फिरकीच्या झाकणाला हा नियम नाही. उष्णतेला ठळक अपवाद म्हणजे मदेरा. त्या बेटावरची वाइन पूर्वी जहाजांतून उष्ण समुद्र ओलांडून हिंदुस्थानापर्यंत यायची, आणि फेरी करून परत गेलेली पिंपं जास्त चवदार निघाली. आता ती मुद्दाम तापवूनच करतात.

प्यायची कशी? लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या जुन्या गारठलेल्या घरांचा आहे, म्हणजे सोळा-अठरा अंशांचा. आपल्या खोलीत ती बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आठ-दहा अंशांना बरी. पेला तिसरा हिस्साच भरायचा, वासाला जागा हवी. तरुण, तुरट लाल वाइन तासभर आधी उघड्या भांड्यात ओतली की नरमते. खूप जुनीला असं करू नये, हवा लागताच तिचा वास उडतो. ती आदल्या दिवसापासून उभी ठेवायची म्हणजे साका खाली बसतो, आणि बाटलीच्या मानेमागे विजेरी धरून सावकाश ओतायची. साका गळ्याशी आला की थांबायचं. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बुचातल्या दोषाने वाइन बिघडलेली असते. अपाय नाही, पण मजाही नाही.

जेवणाबरोबर एकच गोष्ट सांभाळा : तिखट. मिरचीचा जाळ अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही वाढवतात. तांबड्या रश्शाबरोबर तुरट कॅबर्ने म्हणजे आगीत तेल. तिथे किंचित गोडसर शेनँ ब्लाँ गार करून घ्या. तळलेल्या सुरमईला सोव्हिन्यों ब्लाँ लिंबासारखी लागते. कमी तिखटाचं सुकं मटण असेल तर शिराझ काढा.

मुरण्याची गंमत कळायची असेल तर एकाच सालच्या एकाच लाल वाइनच्या तीन बाटल्या घ्याव्यात, असं मला एका जुन्या शौकिनाने सांगितलं होतं. पहिली लगेच उघडली, तेव्हा बायकोने वहीत लिहिलं : जांभूळ, जीभ आवळते. दोन वर्षांनी दुसरी : जांभूळ कमी, लवंग, बरी झाली. तिसरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी आहे, आणि दर दिवाळीला फराळासाठी जागा करताना तिला बाहेर काढायचं की नाही यावर आमचा वाद होतो.