टीम गेली, टोपी उरली

आवडत्या टीमने गावच सोडलं, तर फॅनने काय करायचं? बेसबॉल आणि कॉलेज फुटबॉलच्या नादी लागलेल्या एका पुणेकरणीची कैफियत.

परवा जिममध्ये शेजारच्या ट्रेडमिलवरच्या मुलाने माझ्या टोपीकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘ही कुठली टीम?’’ हिरवी टोपी, पिवळी कड, पुढे इंग्रजी ‘ए’. मी सवयीने म्हणाले, ‘‘ओकलंड.’’ मग जीभ चावली. ‘‘म्हणजे... ओकलंडची होती. आता कुठल्याच गावाची नाही.’’ त्याने हेडफोन पुन्हा कानात घातले. वाटलं असणार, सकाळी सकाळी ही बया फिलॉसॉफी झाडतेय!

पण ही फिलॉसॉफी नाही हो, एकदम ऑफिशियल माहिती आहे. ५७ सीझन ओकलंडमध्ये खेळून अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल टीमने २०२४ मध्ये गाव सोडलं. लास व्हेगासमध्ये नवं स्टेडियम २०२८ मध्ये उघडायचा बेत. तोपर्यंत मुक्काम सॅक्रामेंटोत, ज्युनियर टीम्सच्या जेमतेम १४ हजार लोकांच्या मैदानात. आणि नाव? नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. पुढे सॅक्रामेंटो नाही, व्हेगास नाही, काहीच नाही. कल्पना करा, मुंबई इंडियन्सने नावातून ‘मुंबई’ काढलं, तीन वर्षं नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर काढली आणि नंतर दुबईला जायचं ठरवलं. वानखेडेतल्या पब्लिकने कुणाच्या नावाने ओरडायचं?

आपल्याला पुणेकरांना टीम गायब होण्याची सवय आहे म्हणा. पुणे वॉरियर्स आले, २०१३ ला गेले. रायझिंग पुणेवाले २०१६ ला आले, दोन सीझन खेळले, गेले. कुणी रडलं? छे! रडण्याएवढी ओळखच झाली नव्हती. ओकलंडचं तसं नव्हतं. तिथे आजोबा, मुलगा आणि नात एकाच रांगेत बसून स्कोअर लिहायचे. त्या रांगेच्या मागे पाच वर्षं मी बसायचे.

एमएस झाल्यावर नोकरी ओकलंडला लागली. शनिवारी करायचं काय, तर दहा-पंधरा डॉलरचं तिकीट काढायचं आणि लोकल स्टेशनच्या पुलावरून चालत कोलिझियममध्ये शिरायचं. स्टेडियम म्हणाल तर भयाण. काँक्रीटचं कढईसारखं भांडं. २०१३ मध्ये तिथे ड्रेसिंग रूममध्ये ड्रेनेजचं पाणी घुसलं होतं आणि नंतर एकदा पाहुण्या कॉमेंटेटर्सच्या बूथमध्ये ऑपॉसम नावाचा घुशीसारखा प्राणी मुक्कामाला आला. पण मागच्या स्टँडमध्ये ढोल वाजायला लागले ना, की मला थेट लक्ष्मी रोड आठवायचा! आणि एक गंमत सांगते. स्टेडियममध्ये आपण जी ‘वेव्ह’ करतो, उठा-हात वर करा-बसा, ती पहिल्यांदा याच मैदानात १५ ऑक्टोबर १९८१ ला झाली असं ओकलंडवाले छातीठोकपणे सांगतात. सिएटलचे लोक भांडतात, भांडू द्या. ब्रॅड पिटचा ‘मनीबॉल’ पाहिलाय? तीच ही टीम. २००२ मध्ये कमी पैशांत लागोपाठ २० मॅचेस जिंकलेली.

माझा राग नेमका इथे आहे. ‘मनीबॉल’ बघून आपल्या मॅनेजमेंटवाल्या मंडळींनी ‘कमी रिसोर्सेस, जास्त रिझल्ट’ असा फंडा काढला. पण मालकाने ती शिस्त नव्हे, चिकटपणाच धर्म मानला तर काय होतं, ते ओकलंडने भोगलं. चांगला प्लेअर तयार झाला की विकायचा. टीम हरली की लोक येत नाहीत. लोक येत नाहीत, म्हणून गाव नालायक. मग दुसरं गाव बघा! नेवाडा सरकारने २०२३ मध्ये व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केला. आणि इकडे १३ जून २०२३ ला ओकलंडच्या फॅन्सनी भन्नाट प्रकार केला: उलटा बहिष्कार! नेहमी रिकाम्या असणाऱ्या मैदानात ठरवून यायचं. २७,७५९ लोक आले, हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द: ‘विका’. टीम विका, म्हणजे मालका, तू जा, टीम राहू दे. त्यावर लीगच्या कमिशनर साहेबांची प्रतिक्रिया काय? इतर मैदानांत साधारण जेवढे लोक रोज येतात, जवळपास तेवढे आज इथे आले, छान वाटलं! त्याच नोव्हेंबरमध्ये सगळ्या ३० मालकांनी स्थलांतराच्या बाजूने मत दिलं. ३० विरुद्ध शून्य. एकालाही वाटलं नाही हो, की उद्या आपल्या गावातही असं होईल.

२६ सप्टेंबर २०२४ ची शेवटची मॅच मी पुण्यात बसून पाहिली. आपल्याकडे रात्रीचा एक वाजून गेलेला. मैदानात ४६,८८९ लोक. टेक्सासला ३-२ ने हरवलं. नंतर मॅनेजर मार्क कॉटसे माइक घेऊन उभा राहिला आणि त्याने शेवटचा ‘लेट्स गो ओकलंड’चा गजर करून घेतला. सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये सुजलेल्या डोळ्यांचं कारण मी ‘अ‍ॅलर्जी’ सांगितलं.

आता सगळे विचारतात, तुला डॉजर्सचा राग येत असेल ना? बेसबॉलच्या गप्पांत सध्या हाच विषय असतो. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. शोहेई ओतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे, म्हणजे चक्क उधारीवर! लोक म्हणतात, पैशाने खेळ विकत घेतला. मला नाही पटत. ओतानीने २०२४ मध्ये ५४ होमरन मारले आणि ५९ बेस चोरले. एका सीझनमध्ये दोन्हीकडे पन्नाशी गाठणारा तो पहिलाच. असा माणूस मिळत असेल तर पैसे खर्च करणं हा गुन्हा कसा? गुन्हा आहे तो तिजोरीवर बसून ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणणाऱ्यांचा. बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही. मालक आणि प्लेअर्स यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा, म्हणून ही मर्यादा आणण्याची चर्चा जोरात. माझं मत विचाराल, तर वरची मर्यादा आणण्याआधी खालची आणा. अमुक इतके तरी पैसे टीमवर खर्च कराच, नाहीतर लीगमधून चालते व्हा.

आणि डॉजर्सनी नुसत्या पैशावर जिंकलं म्हणणाऱ्यांनी २०२५ ची सातवी मॅच पाहिलीच नसणार. आपल्याकडे २ नोव्हेंबरची रविवार सकाळ. टोरंटो ४-३ ने पुढे, जिंकायला दोन आउट हवेत. आणि मिगेल रोहास नावाच्या ३६ वर्षांच्या, कुणाच्या पोस्टरवर नसलेल्या प्लेअरने होमरन मारून बरोबरी केली! अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होमरनने ५-४. शेवट केला यामामोतोने. या पिचरने आदल्याच रात्री ९६ बॉल टाकले होते. दुसरा कुणी दुसऱ्या दिवशी हात वर करू शकला नसता. त्याच दिवशी रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. एका रविवारी माणसाने किती रडायचं, याला काही लिमिट?

खेळ म्हणून बेसबॉल आज झकास आहे, हे मी रागातही कबूल करते. २०२३ मध्ये पिचरला घड्याळ लावलं आणि तीन तासांवर जाणारी मॅच सरासरी २ तास ४० मिनिटांवर आली. २०२६ पासून अंपायरच्या निर्णयाला मशीनकडे आव्हान देता येतं, टीमला दोन चॅलेंज. आपल्या डीआरएससारखंच, फक्त कॅप्टनची मीटिंग नाही. बॅटर, पिचर किंवा कॅचरने लगेच डोक्यावर थाप मारायची, बस्स.

कपाटात दुसरी टोपी आहे, नारंगी-काळी. ती ओरेगन स्टेटची, माझ्या कॉलेजची. कोर्वालिस हे साठ हजार वस्तीचं गाव. मॅचच्या शनिवारी भाजीवालासुद्धा नारंगी. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून धडका मारायचा, आपला नव्हे.) मी असताना, २०१५ च्या सीझनमध्ये, आम्ही १२ पैकी १० मॅचेस हरलो. तरी मी एकही होम मॅच चुकवली नाही. ‘आम्ही’ म्हणतेय बघा, मी तर डेटाबेसचा अभ्यास करत होते!

तिथली कॉलेजं गटागटाने खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. आमचा पॅक-१२, पश्चिम किनाऱ्याचा, मुळं १९१५ पर्यंत जाणारी. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी बाहेर पडायचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी टीव्हीचा घसघशीत करार काही जुळेना. अ‍ॅपलचा प्रस्ताव होता, तो कमी वाटला. आणि ४ ऑगस्ट २०२३ च्या एका दिवसात पाच कॉलेजांनी गट सोडला. महिनाभरात १२ पैकी उरले दोन: वॉशिंग्टन स्टेट आणि आम्ही. आमचं रेसर स्टेडियम १६ कोटी डॉलर खर्चून नुकतंच चकाचक झालं होतं. लग्नाचा हॉल सजवून तयार, आणि वऱ्हाड दुसऱ्याच हॉलमध्ये!

पळालेल्यांमध्ये शेजारच्या युजीनचं ओरेगनही होतं. अंतर पुणे-लोणावळ्याएवढं, भांडण १८९४ पासूनचं. आता ते न्यू जर्सीच्या कॉलेजबरोबर एका गटात आहेत. स्टॅनफर्ड कुठे, तर अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! नकाशा ज्याने कुणी बघितला असेल, त्याचं भूगोलाचं पुस्तक तपासायला हवं. टीव्हीचा पैसा फुटबॉलचा, पण परीक्षेच्या आठवड्यात पाच-सहा तासांची विमानं पकडायची व्हॉलीबॉलच्या मुलींनी.

जुने फॅन्स मात्र भलत्यावरच खापर फोडतात. म्हणे, प्लेअर्सना पैसे मिळायला लागले आणि खेळ बिघडला. २०२१ पासून प्लेअर्सना जाहिरातींतून कमावता येतं. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजंही वर्षाला साधारण २ कोटी डॉलर त्यांच्यात वाटू शकतात. कॉलेज बदलणंही सोपं झालं. अहो, मग बिघडलं काय? आपल्यातल्या किती जणांनी पाच वर्षं एकाच कंपनीत काढलीत? आम्ही स्विच मारला तर करिअर ग्रोथ, आणि वीस वर्षांच्या पोराने मारला तर गद्दारी? २०२५ मध्ये लुइझियानाच्या एलएसयूने कोच ब्रायन केलीला काढलं तेव्हा करारात त्याला द्यायचे उरलेले पैसे होते सुमारे ५.४ कोटी डॉलर. न खेळण्याचे! त्याच्या जागी लेन किफिनला आणलं. तो मिसिसिपीची ११-१ अशी तुफान टीम प्लेऑफच्या तोंडावर सोडून गेला, नोटीस पिरियडसुद्धा नाही. टीम त्याच्याशिवाय सेमीफायनलपर्यंत पोचली, तेव्हा मला कोण आनंद झाला!

शिवाय इंडियाना बघा. वर्षानुवर्षं मार खाणारं कॉलेज, अमेरिकेतल्या सर्वांत जास्त हरलेल्यांपैकी एक. दुसऱ्या कॉलेजांतून आलेले प्लेअर्स घेऊन, फर्नांडो मेंडोझासारखा क्वार्टरबॅक कॅलिफोर्नियातून आणून, जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ ने हरवून चॅम्पियन. १६ मॅचेस, १६ विजय. जुन्या ‘पवित्र’ व्यवस्थेत हे कधी झालं असतं? नाव नको.

हे सगळं मी तावातावाने बोलते आणि मग आमच्याकडे बघते, तेव्हा आवाज जरा खाली येतो. कारण त्याच दारातून आमचे प्लेअर्स बाहेर गेले. कोच जोनाथन स्मिथ, आमचाच जुना क्वार्टरबॅक, ज्याने कॉलेजला २००१ चा फिएस्टा बोल जिंकून दिला, तोही नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला गेला, ओरेगनविरुद्धच्या मॅचच्या दुसऱ्याच दिवशी. (तिथून त्याला दोन वर्षांत काढलं. मी हसले नाही. थोडीशी हसले.) २०२५ मध्ये आम्ही पहिल्या सातही मॅचेस हरलो आणि नव्या कोचलाही नारळ मिळाला. प्लेअरला जाण्याचा हक्क आहे, हे मला शंभर टक्के मान्य. पण गावाला काय हक्क आहे, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आमची बेसबॉल टीम मात्र भारी निघाली. २००६, २००७ आणि २०१८ चे चॅम्पियन्स आम्ही. सिडनीहून आलेला, लहानपणी क्रिकेटही खेळलेला ट्रॅव्हिस बझाना २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला, तो आमचा. आणि २०२५ मध्ये कुठलाच गट नसताना, सीझनभर बॅगा उचलून दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत, टीम ओमाहापर्यंत पोचली. २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट वगैरे मंडळींना घेऊन पॅक-१२ पुन्हा उभा करण्याचा घाट घातलाय. नाव जुनं, घर नवं. मी बघणार.

अ‍ॅथलेटिक्सचं मात्र मी ठरवलं होतं, की संपलं. सबस्क्रिप्शन बंद, त्या मालकाला आपला एक रुपया नाही. मग २६ जुलै २०२५, शनिवारची सकाळ. मित्राचा मेसेज: ‘निक कुर्ट्झ बघतेयस का?’ त्याच्याच लॉगिनने लावलं. ह्यूस्टनमध्ये मॅच चालू होती. हा बावीस वर्षांचा रूकी, सहापैकी सहा वेळा हिट, त्यात होमरन किती? चार! एका मॅचमध्ये चार होमरन मारणारा इतिहासातला पहिला रूकी. चौथा गेला तेव्हा मी अशी किंचाळले, की आई हातात झारा घेऊन धावत आली.

‘‘अगं, काय झालं? कोण जिंकलं?’’

‘‘ओकलंड,’’ मी म्हणाले.