मेंदूची बातमी आणि इवलेसे बुडबुडे

1885 साली जर्मनीत पाऊल एर्लिश नावाच्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. यकृत रंगलं, आतडी रंगली, सगळ्या अवयवांची जणू रंगपंचमीच! मेंदू मात्र कोरडाच राहिला. एर्लिशना वाटलं, मेंदूला हा रंग चिकटतच नसेल.

पुढे 1913 साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटं करून पाहिलं. रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळाशार झाला आणि बाकीचं शरीर कोरडं!

लक्षात आलं का? मध्ये एक राखण आहे, आणि ती दोन्हीकडून अडवते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की रक्तातल्या नको त्या गोष्टी आत शिरू शकत नाहीत.

पण कुणाच्या मेंदूत गाठ झाली, की हीच राखण नडते. शरीरात दुसरीकडे गाठ असेल, तर तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात आणि तपासणीत सापडू शकतात. मेंदूतल्या गाठीचे तुकडे मात्र फारच थोडे बाहेर येतात. एमआरआयमध्ये गाठ दिसते हो, पण उपचारानंतर ती वाढतेय की नुसती सूज आलीय, हे कधीकधी चित्रावरून कळत नाही. आणि दर वेळी कवटी उघडून तुकडा कसा काढणार?

इथे मदतीला येतात बुडबुडे! रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही लहान, आत वायू भरलेले. ते दंडाच्या शिरेतून सोडतात. मग डोक्यावर शिरस्त्राण. त्यात ध्वनी सोडणारे हजारभर छोटे भाग असतात. सोनोग्राफीत असतो तसाच हा ध्वनी, आपल्या कानांना न ऐकू येणारा. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणतो ना आपण? तशा या सगळ्या लहरी नेमक्या गाठीपाशी एकत्र येतात. तिथले बुडबुडे फुगतात, आकसतात, फुगतात, आकसतात… आणि त्या घट्ट बिलगलेल्या पेशींमध्ये जराशी फट पडते. कुठे चिरा नाही की टाका नाही. मला तर हे फारच सुंदर वाटतं!

कॅनडातल्या टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात 2015 साली अशी फट पाडून गाठीपर्यंत औषध पोचवलं गेलं. पण फट दोन्हीकडून उघडते! तिथल्याच डॉक्टरांना 2021 साली दिसलं, की ध्वनी दिल्यानंतर रुग्णांच्या रक्तात मेंदूतून आलेले डीएनएचे तुकडे वाढलेले होते. अमेरिकेत सेंट लुइसला हाँग चेन यांच्या गटाने 2023 साली पाच रुग्णांवरचे असेच प्रयोग प्रसिद्ध केले. अजून चाचण्या चालू आहेत, रोजच्या दवाखान्यात हे यायचंय.

फट साधारण दिवसभरात आपोआप मिटते. आणि बुडबुडे? त्यांतला वायू तर केव्हाच फुप्फुसांत पोचून श्वासावाटे बाहेर गेलेला असतो.