गॅस नायट्रायडिंग: पाणी न देता पोलाद कठीण कसं होतं?

आजचा भाग कुंभकोणमच्या कॉफीपासून सुरू करूया. तंजावर-कुंभकोणमकडच्या आपल्या मराठी मंडळींना पितळेचा टंबलर आणि डवरा काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: उंच पेला आणि त्याखाली पसरट वाटी, म्हणजे कुंभकोणम डिग्री कॉफीची जोडी.

अशी वाटी प्रेसवर काढायची, तर पितळी पत्र्याची गोल चकती डायवर ठेवतात आणि वरून पंच तिला आत ढकलतो. पत्रा डायच्या गोलाईवर घासत खाली उतरतो. हजारो वाट्यांनंतर त्या गोलाईवर ओरखडे उठतात, पितळ तिथे चिकटायला लागतं आणि तोच ओरखडा पुढच्या प्रत्येक वाटीवर उमटतो. म्हणजे माल पितळेचा, पण प्रश्न डायच्या पोलादाचा.

मग डाय कठीण करा की! नेहमीचा उपाय म्हणजे पोलाद लाल तापवून तेलात बुडवायचं. लोहार विळ्याला पाणी देतो, ते हेच. पण एवढ्या तापमानावरून झटकन थंड होताना पोलादाची आतली रचना बदलते आणि माप हलतं. तयार डाय वाकडी झाली, तर पुन्हा ग्राइंडिंग आलं.

गॅस नायट्रायडिंगमध्ये हा धोका फारच कमी. काम चालतं ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला. या तापमानाला पोलादाची मूळ रचना बदलत नाही आणि शेवटी काहीही बुडवायचं नसतं. भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचं.

आत घडतं काय? बंद भट्टीत अमोनिया वायू सोडतात. गरम पोलादाला लागताच तो फुटतो आणि नायट्रोजनचे सुटे अणू पृष्ठभागात शिरतात. हवेतला नायट्रोजन इथे चालत नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. शिरलेला नायट्रोजन पोलादातल्या क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम, मॉलिब्डेनम यांच्याशी जुळून बारीक, अतिशय कठीण नायट्राइड बनवतो. जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात अ‍ॅडॉल्फ फ्राय यांनी १९२०च्या दशकात हेच ओळखून खास नायट्रायडिंगची पोलादं तयार केली. ईएन ४१बी त्याच घराण्यातलं. त्याचा पृष्ठभाग १००० विकर्सच्या वर जातो.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. ०.२५ मिलिमीटर थराला २० तास लागले, तर दुप्पट थराला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो; म्हणजे ८० तास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लहान वर्कशॉपचं नुकसान होतं ते इथे. कोणतंही पोलाद पाठवून चालत नाही. साध्या माइल्ड स्टीलमध्ये नायट्रोजन शिरतो, पण नायट्राइड बनवणारे धातूच नसल्याने हवा तो कठीणपणा येत नाही. ओएचएनएसचं तर उलटंच होतं. टूलरूममधलं हे रोजचं पोलाद पाणी दिल्यावर साधारण २०० अंशांवर टेम्पर करतात, म्हणून ६० रॉकवेल मिळतं. तोच पंच ५२० अंशांच्या भट्टीत इतके तास ठेवला, तर आतून नरम पडून ४५च्या आसपास येतो. वरचा पातळ थर कठीण आणि खालचा आधार मऊ! दाब आला की थर तडकतो. पैसे, वेळ आणि पंच, तिन्ही गेले. म्हणून नियम लक्षात ठेवा: आधीचं टेम्परिंग नायट्रायडिंगच्या तापमानापेक्षा निदान २५-३० अंश वर झालेलं हवं. एच १३सारखं पोलाद यात सहज बसतं.

दुसरी चूक नंतरच्या ग्राइंडिंगची. थरच पाव मिलिमीटरचा. त्यातून दहा शतांश घासून काढले, तर उरलं काय? माप आधीच पूर्ण करा आणि भाग काही मायक्रॉन फुगतो हे धरून चाला. सगळ्यात वर एक पांढरट, ठिसूळ पापुद्राही येतो. भट्टी दोन टप्प्यांत चालवून तो पातळ ठेवता येतो. उरलेला हलक्या लॅपिंगने निघतो.

सुरक्षेचंही सांगतो. अमोनिया विषारी आहे आणि फुटल्यावर हायड्रोजनही सुटतो. त्यामुळे भट्टी उघडण्याआधी ती नायट्रोजनने धुऊन काढतात. हे काम जाणकार हीट ट्रीटमेंटवाल्याकडेच द्या. मागच्या शेडमधला प्रयोग नको.

त्याच्याकडे जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: पोलादाचा ग्रेड, आधीचं टेम्परिंग किती अंशांवर झालं, थराची खोली किती हवी आणि कठीणपणा किती. नुसतं ‘नायट्रायडिंग करून द्या’ म्हणू नका. सोबत त्याच पोलादाचा एक छोटा तुकडा द्या. तो कापून थर मोजता येतो, डाय कापावी लागत नाही.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!