ऐकावे कोठे आणि झील धरावी कोठे?

भातकापणी झाली, उडव्या रचल्या, झोडणी आटोपली की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात देवळांच्या उत्सवांचा हंगाम लागतो. कार्तिकी एकादशी, त्रिपुरी पौर्णिमा, मग दत्तजयंती, माघी गणपती आणि शेवटी शिमगा. या चार-पाच महिन्यांत गावोगाव कीर्तन, भजन, नमन, नाटक आणि अलीकडे शहरातून बोलावलेल्या गायकांचे कार्यक्रम होतात. हातात थोडा पैसा असतो, कामाची घाई नसते, मुंबईकरही रजा काढून येतात.

या मांडवांत अलीकडे एक वाद कानांवर येऊ लागला आहे. गायक गात असताना खाली बसलेल्यांनी त्याच्याबरोबर गावे, की गप्प बसून ऐकावे?

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात याचे काय काम? खतांच्या मात्रा सांगा, तुडतुड्यांचा बंदोबस्त सांगा. ते तर आम्ही सांगतोच. पण विस्तार कार्यकर्ता म्हणून गावोगाव फिरताना एक गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. पऱ्ह्यावर वनराई बंधारा घालायचा म्हटले की रिकाम्या पोत्यांत वाळू भरायला सर्वांत आधी उभी राहतात ती भजनी मंडळातली माणसे. एका तालात हात मारण्याची त्यांना सवय असते. तेव्हा गावाने मिळून गावे की नाही, हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही.

गेल्या कार्तिकातली एका गावची हकिगत सांगतो. उत्सव समितीने वर्गणी काढून बाहेरगावचे गायक बोलावले होते. अभंगांचा कार्यक्रम होता. बायकांच्या बाजूला एक म्हातारी बसली होती. त्याच देवळात चाळीस वर्षे काकड आरतीला उभी राहिलेली बाई. ओळखीचा अभंग सुरू झाला आणि ध्रुपद आले तसा तिने आवाज लावला. शेजारच्या दोघी-तिघींनी साथ दिली. इतक्यात छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक आला आणि म्हणाला, "आजी, जरा गप बसा, रेकॉर्डिंग चाललंय." म्हातारी काही बोलली नाही. पदर सावरून उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी गावात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, एवढे पैसे मोजून गायक आणला तो हिचे गाणे ऐकायला काय? दुसऱ्याचे म्हणणे, देऊळ गावाचे, अभंग सगळ्यांचा, तिला गप्प करणारा हा कोण?

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण भांडण सुटायचे तर आधी गाणे कोणत्या जातीचे आहे ते ओळखले पाहिजे.

लावणी आणि कलम

भाताच्या लावणीला सगळी वाडी चिखलात उतरते. जो बांधावर उभा राहून पाहतो त्याला आपण नावे ठेवतो. कलम बांधताना मात्र चाकू एकाच्याच हातात असतो. तिथे चौघांनी हात घातला तर काडी वाया जाते. गाण्याचेही असेच दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार आपल्या रक्तातला आहे. वारकरी कीर्तनात बुवा पुढे असतात, मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो. बुवांनी चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात. ते गप्प राहिले तर कीर्तन उभेच राहत नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंग आणि उत्तररंग एकटे रंगवतात, पण नामघोषाला सारी सभा लागते. आपल्या कोकणातल्या भजनात रूपाचा अभंग होतो, गवळण होते आणि मग गजर येतो. गजर चढत गेला की पेटीवाल्यापासून दारात उभ्या असलेल्या पोरापर्यंत सगळे त्यात ओढले जातात. शिमग्यातल्या नमनात गण-गवळणीला मागची मंडळी झील धरतात. गणपतीत जाखडी नाचताना शाहीर आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, पायांत चाळ बांधलेले गडी भोवती फेर धरतात आणि शाहिराची ओळ उचलून धरतात. शक्तीवाले असोत की तुरेवाले, झील ढिली पडली की शाहिराचा सवाल कितीही बिनतोड असला तरी रंग भरत नाही.

या सर्वांची रचनाच अशी आहे की ऐकणारा हा निम्मा गाणारा असतो. इथे गप्प बसणे हाच दोष.

मैफलीत ऐकणे हेच काम

दुसरा प्रकार मैफलीचा आणि संगीत नाटकाचा. रत्नागिरी शहरात 'खल्वायन'सारखी संस्था संगीत नाटके आणि संगीत सभा करत आली आहे. थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव रंगले आहेत. खेड्यांतूनही लोक हौसेने तिथे जातात. तिथे गाणाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळू नये. याला रीतभात हे एक कारण आहे, पण त्याहून पक्की तीन कारणे आहेत.

पहिले कारण पट्टीचे. गायक तंबोरा आपल्या गळ्याच्या पट्टीला लावतो. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. शेकडो माणसांच्या सभेत प्रत्येकाचा गळा त्या पट्टीत बसत नाही. मग कोणी वरचा सूर धरतो, कोणी खालचा, आणि गाणाऱ्याचा स्वर हलतो.

दुसरे कारण लयीचे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मांडवाच्या शेवटी 34 मीटरवर बसलेल्याला गाणे सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येते. तो त्यावर टाळी वाजवतो ती गायकापर्यंत पोचायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग उशीर झाला. द्रुत लयीत एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची असते. मागचे लोक मनापासून ठेका धरत असले तरी लय ओढल्यासारखी होते, ती यामुळे. भजनात ही अडचण का येत नाही? कारण तिथे माणसे दाटीने बसतात, टाळ त्यांच्या मध्येच असतात आणि बुवांची ओळ संपल्यावर झील उचलली जाते. आपल्या जुन्या लोकांनी हे गणित न मांडताच बरोबर सोडवले होते.

तिसरे कारण असे की मैफलीतले गाणे आधी ठरलेले नसते. बंदिशीचे शब्द ओळखीचे असतील, पण पुढचा आलाप कुठे वळेल, तान कुठून उठेल हे गायकालाही त्या क्षणीच सुचते. जे अजून जन्मालाच आले नाही त्याला साथ कशी देणार? किशोरी आमोणकर सभेतल्या शांततेबद्दल फार काटेकोर होत्या, त्यामागे हेच होते.

म्हणून मैफलीतल्या श्रोत्याला काही कामच नाही असे नाही. समेवर मान डोलते, 'वाहवा' निघते, तीच त्याची झील. संगीत नाटकाने तर प्रेक्षकाला मोठाच हक्क दिला. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि पात्रे स्वतः गाऊ लागली. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदामागून पदाला 'वन्समोअर' पडत आणि नाटक रात्रभर चाले. प्रेक्षक पदाच्या मध्ये गात नसत. पद संपले की मागणी करत आणि पुन्हा शांतपणे ऐकत. नाटकात आपला आवाज कुठे घालावा, याची ती उत्तम रीत होती.

मधला बांध

खरे भांडण होते ते या दोन शेतांमधल्या बांधावर. अभंग हा आपला, झील धरण्याचा. पण तोच अभंग भीमसेन जोशींनी 'संतवाणी'तून मैफलीच्या मंचावर नेला, रागाचा विस्तार करून गायला. आता तो कोणाचा? अशा कार्यक्रमांत लोक अभंग ऐकतात आणि गजर आला की टाळ्यांचा ठेका धरतात, हे आपण पाहिलेच आहे. कोणी कायदा केला नव्हता, तरी लोकांनी आपोआप वाटणी केली.

या बाबतीत विष्णु दिगंबर पलुस्करांचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. कुरुंदवाडला 1872 साली जन्मलेल्या या गवयाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजेरजवाड्यांच्या दरबारातले गाणे तिकीट लावून सामान्य माणसांपुढे आणले आणि गवयाला मान मिळवून दिला. त्याच पलुस्करांनी रामधून हजारोंच्या सभेकडून म्हणवून घेतली. एकाच माणसाने दोन्ही केले, कारण कोणत्या वेळी सभेने ऐकायचे आणि कोणत्या वेळी गायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते.

आता त्या म्हातारीचा निवाडा करू. देवळाचा मांडव, गावाची वर्गणी, ओळखीचा अभंग आणि ध्रुपदाची जागा. इतक्या गोष्टी तिच्या बाजूने असताना तिला गप्प करणे चूक होते, तेही रेकॉर्डिंगसाठी. गायक आलाप घेत असता तर तिने थांबायला हवे होते, आणि ती थांबली असती असे मला वाटते. चाळीस वर्षे झील धरणाऱ्याला ओळ कधी उचलायची हे कळतेच. गायकाने आधी दोन शब्द सांगितले असते, "ध्रुपद तुम्ही म्हणा, चरण मी गातो," तर वाद झालाच नसता.

गप्प गावाचे नुकसान

मैफलीत चार माणसे मध्येच गातात याची मला फारशी काळजी नाही. समजावले की ती ऐकतात. मला काळजी वाटते ती भजनातही गप्प बसू लागलेल्या माणसांची. पूर्वी हातात टाळ असत, आता मोबाईल असतो. आरतीला ध्वनिमुद्रित गाणे लावतात आणि घरची माणसे नुसती टाळ्या वाजवतात.

न गायलेल्या गाण्याचे काय होते ते जात्याने दाखवून दिले आहे. पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यांचे कष्ट गेले, हे चांगलेच झाले. पण पहाटे जात्यावर ओव्या म्हणण्याची जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा उरला. पण नोंदलेली ओवी म्हणजे डब्यात ठेवलेले बियाणे. दर साली पेरले नाही तर त्याची उगवण कमी होत जाते. भजनाच्या चाली, नमनाची कवने, जाखडीची गाणी यांचे बियाणे अजून आपल्या शेतात आहे. ते पेरत राहायला हवे.

यासाठी चार गोष्टी कराव्यात:

1. उत्सव समितीने कार्यक्रम ठरवतानाच त्याचा प्रकार जाहीर करावा. मैफल असेल तर तसे फलकावर लिहावे आणि लहान मुलांना घेऊन बसणाऱ्यांची सोय कडेला करावी.

2. शहरातला गायक आणला तरी त्याच्या आधी किंवा नंतर गावच्या भजनी मंडळाला पुरेसा वेळ द्यावा. पाहुण्याला पाट आणि घरच्याला उंबरठा, असे करू नये.

3. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकावर बंदी असते. काही ठरावीक दिवसांना सवलत मिळते तेवढीच. ही अडचण न मानता सोय मानावी. दहानंतर माईक बंद करून, माणसे जवळ बसवून, गळ्याने आणि टाळांनी भजन करावे. शेजाऱ्यांनाही त्रास होऊ नये इतका आवाज ठेवावा.

4. घरच्या आरतीला यंत्र लावू नये. पाठ नसेल तर पुस्तक घ्यावे. मुलाचा सूर चुकला तर हसू नये. चुकत चुकतच गळा बसतो.

मुलांना दोन्ही शिकवावे. मैफलीत तास-दीड तास हलल्याशिवाय ऐकता आले पाहिजे आणि भजनात टाळ हातात येताच पहिल्या ओळीला झील धरता आली पाहिजे. ज्याला ऐकता येते त्यालाच साथ करता येते, हे आपल्याकडचा कोणताही बुवा सांगेल.

यंदा झोडणी लवकर आटोपली तर माळ्यावरचे टाळ खाली काढा. दोऱ्या कुजल्या असतील, त्या बदलून घ्या. आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारा की तिला कोणती चाल येते. ती सांगेल तेव्हा मुलांना जवळ बसवा.