सासूबाई नाटक करत नाहीत

चाकणजवळच्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि एक ताई रडायलाच लागली. तिच्या सासूबाई जेवून उठतात आणि तासाभरात शेजारी जाऊन सांगतात, "सून मला उपाशी ठेवते." शेजाऱ्यांना ते खरंही वाटू लागलं होतं. ताई म्हणाली, "हरिपाठ सगळा पाठ आहे त्यांना. मग जेवलेलंच कसं विसरतात? नाटकच ना?"

खरं सांगायचं तर आम्हीही तेव्हा माना डोलावल्या. चुकलंच आमचं.

आठवण म्हणजे एकच कणगी नसते. आज काय घडलं ही एक आठवण, लहानपणापासून पाठ असलेलं दुसरी, हाताला बसलेलं काम तिसरी. मेंदूत खोलवर, साधारण कानाच्या पातळीला, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. नवीन घडलेलं साठवायला तो लागतो. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा त्याच भागाला आधी धक्का बसतो. त्यामुळे जेवण झालं ते सासूबाईंच्या मनात नोंदलंच जात नाही. त्या खोटं बोलत नाहीत. हरिपाठ जुना, म्हणून तो टिकला. भाकरीही त्या अजून गोल थापतात, पण गॅस चालू ठेवलाय हे विसरतात. म्हणून चुलीपाशी त्यांना एकटं सोडायचं नाही.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. 1953 मध्ये फिट्स थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूचा हाच भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. पुढे ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारला, पण हे काम आपण आधी केल्याचं त्यांना आठवेना. हात शिकला, माणसाला पत्ता नाही!

पिंपरीतल्या एका घरी निवृत्त आजोबा पहाटे पाचला कपडे घालून कंपनीच्या बसला निघतात. तीस वर्षं फर्स्ट शिफ्ट केलेली. दाराला कडी लावली की आरडाओरडा. आता मुलगा सोबत नाक्यापर्यंत जातो, दोघं चहा पितात आणि परत येतात. आजोबांच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते.

आणखी एक. भांडण विसरलं जातं, पण त्यातली भीती मागे राहते. "आत्ताच तर जेवलात!" असं ओरडलं, तर शब्द जातील, पण सून दिसली की जीव घाबरेल. त्यापेक्षा "हो, देते हं, तोवर एवढा लसूण सोला" म्हणावं. उष्टं ताट थोडा वेळ समोरच राहू द्यावं.

मात्र सगळंच वयावर ढकलू नका. बी-12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारानं सुधारू शकतो. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्या, तर लगेच दवाखाना गाठा. कधी लघवीचा संसर्गही कारण असतो. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत फोनही आहे.

त्या ताईच्या शेजारणीकडे आम्ही दोघी जाऊन बसलो, सगळं समजावून सांगितलं. आता आजी तक्रार घेऊन आल्या की ती त्यांना ओट्यावर बसवते, हरिपाठ म्हणायला लावते आणि सुनेला हाक मारते.