संगणकाची स्मृती निवडताना

मागील वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला काढून शाळेच्या संगणक कक्षासाठी रॅमच्या सहा स्टिक पाठविल्या. मुलांनी मोठ्या उत्सुकतेने खोके उघडले. परंतु त्यांपैकी एकही स्टिक कक्षातील संगणकांत बसली नाही. चार स्टिक डीडीआर-४ प्रकारच्या होत्या आणि आमचे जुने संगणक डीडीआर-३ चे. उरलेल्या दोन तर लॅपटॉपच्या निघाल्या. हे कळविताना आम्हाला संकोच वाटला, कारण चूक त्याची नव्हती. आपल्याला नेमके काय हवे, हे आम्हीच त्याला नीट सांगितले नव्हते. तेव्हापासून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात होते. अनेक पालक आज पाल्याच्या शिक्षणासाठी काटकसरीने संगणक असेंबल करून घेतात. त्यांनाही हे उपयोगी पडेल.

प्रोसेसर ज्या माहितीवर काम करतो, ती माहिती तात्पुरती जेथे ठेवली जाते ती जागा म्हणजे रॅम. तिला अभ्यासाचे टेबल म्हणता येईल, तर हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान असेल तर दर घडीला कपाटाकडे धाव घ्यावी लागते आणि काम मंदावते. मात्र मोठे टेबल घेण्यापूर्वी ते आपल्या खोलीत मावते का, हे पाहणे आवश्यक असते.

पहिली गोष्ट पिढीची. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तीन पिढ्या परस्परांच्या जागी चालत नाहीत. डीडीआर-३ च्या स्टिकला २४० पिना असतात, तर डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंना २८८. पिना सारख्या असल्या तरी मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते आणि वीजदाबही निराळा असतो: डीडीआर-३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर-४ ला १.२ आणि डीडीआर-५ ला १.१. म्हणून स्टिक सहज बसत नसेल तर जोर लावू नये. बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट अशी की, पिढी केवळ प्रोसेसरवरून ठरत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीचा कोअर आय-३ १२१०० हा प्रोसेसर डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींबरोबर चालतो. परंतु एच-६१० चिपसेटचा जो मदरबोर्ड आपण घेऊ, त्यावर सहसा या दोहोंपैकी एकाच प्रकारची सोय असते. एएमडीच्या एएम-४ सॉकेटला डीडीआर-४ च लागते आणि एएम-५ ला डीडीआर-५ च. तेव्हा आधी बोर्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहावा, मगच रॅम घ्यावी. बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमची यादी सहसा दिलेली असते.

तिसरी गोष्ट आकाराची व प्रकाराची. लॅपटॉपची स्टिक लांबीने जवळजवळ निम्मी असते. ती डेस्कटॉपच्या खोबणीत बसत नाही. जुन्या मालाच्या बाजारात सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम स्वस्तात मिळते. डीडीआर-४ ची अशी स्टिक खोबणीत बसतेही, पण साध्या डेस्कटॉपवर संगणक सुरूच होत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा तालुक्याचे दुकान, खरेदीपूर्वी लेबल वाचावे आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

चौथी गोष्ट वेगाची. स्टिकवर ३२०० किंवा ३६०० असा आकडा असतो. एच-६१० बोर्डावर डीडीआर-४ ची मर्यादा साधारणतः ३२०० असल्याने ३६०० साठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. दोन निरनिराळ्या वेगांच्या स्टिक एकत्र लावल्यास दोन्ही संथ स्टिकच्या वेगाने चालतात.

पाचवी गोष्ट जोडीची. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या स्टिक घेतल्यास प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे पडद्यावरील चित्रासाठीही हीच रॅम वापरली जाते. पैसे कमी असतील तर आज ८ जीबीची एक स्टिक घ्यावी, दुसरी खोबणी रिकामी ठेवावी आणि पुढे तशीच दुसरी घ्यावी. त्यासाठी पहिल्या स्टिकचे बिल जपून ठेवावे.

घरी जुना संगणक असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या विभागात मेमरी निवडावी. किती खोबण्या वापरात आहेत आणि रॅमचा वेग किती आहे, हे तेथे दिसते.

आता त्या सहा स्टिकविषयी. लॅपटॉपच्या दोन स्टिक आमच्या कार्यालयातील लॅपटॉपला लागू पडल्या. डीडीआर-४ च्या चार आम्ही जपून ठेवल्या होत्या. यंदा दोन नवे संगणक असेंबल करताना आम्ही मुद्दाम डीडीआर-४ चेच बोर्ड निवडले आणि प्रत्येकात ८ जीबीच्या दोन स्टिक बसविल्या. आज दहावीची मुले त्याच संगणकांवर बसतात. देणगी वाया गेली नाही याचे आम्हाला समाधान आहे. पण त्यासाठी तिला वर्षभर कपाटात पडून राहावे लागले, ही खंतही आहे.

म्हणून आता कक्षातील प्रत्येक संगणकाचा बोर्ड, रॅमची पिढी आणि रिकाम्या खोबण्या यांची नोंदवही मुलांनीच तयार केली आहे. शाळेला काही पाठवू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आधी ती नोंद अवश्य मागवावी. जे आपल्या हातून दिले जाईल, ते पहिल्याच दिवशी एखाद्या मुलाच्या कामी यावे, एवढीच आमची इच्छा आहे.